स्टार्टअपचं प्रमाणपत्र म्हणजे राष्ट्रीय पुरस्कार नव्हे

‘आमच्या कंपनीला भारत सरकारचा स्टार्टअप पुरस्कार!’ अशा मथळ्याखाली हार, पेढे आणि हातात एक कागद. अभिनंदनाचा पाऊस पडतो, पण तो कागद जरा झूम करून बघा. कंपनीचं नाव, स्थापनेची तारीख, मान्यता क्रमांक आणि खाली वैधतेची मुदत. पुरस्काराला मुदत कशाला असेल?

ते असतं डीपीआयआयटीचं, म्हणजे केंद्राच्या उद्योग संवर्धन आणि अंतर्गत व्यापार विभागाचं मान्यतापत्र. कंपनी प्रायव्हेट लिमिटेड, एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी) किंवा नोंदणीकृत भागीदारी असेल, तिचं वय आणि उलाढाल मर्यादेत असेल, कामात काही नावीन्य असेल, तर ऑनलाइन अर्ज करून ते मिळतं, तेही फुकट. जानेवारी २०२५ पर्यंत दीड लाखाहून जास्त कंपन्यांना ते मिळालं होतं. कागद बिनकामाचा नाही हं! पेटंटच्या शुल्कात ८० टक्के सवलत मिळते. आयकराची सूट मात्र आपोआप मिळत नाही, तिच्यासाठी आंतरमंत्रालयीन मंडळाकडे वेगळा अर्ज करावा लागतो.

राष्ट्रीय स्टार्टअप पुरस्कार ही वेगळीच गोष्ट. ते २०२० मध्ये सुरू झाले. त्यासाठी ही मान्यता आधीच असावी लागते, म्हणजे जिथे हे लोक पेढे वाटतात तिथून खरी स्पर्धा सुरू होते. शेती, शिक्षण, आरोग्य अशा क्षेत्रांत अर्जांची छाननी करून विजेते ठरतात. पहिल्या वर्षी विजेत्या स्टार्टअपला ५ लाख रुपये होते.

आणि ‘पुरस्कारासाठी तुमची निवड झाली, नोंदणी शुल्क भरा’ असा फोन आला तर सरळ ठेवून द्या.