एडिटर हँग झाला तरी ‘डॉट गिट’ फोल्डर पुसू नका

आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

“प्रोजेक्ट उघडला की व्हीएस कोड हँग होतो. सोर्स कंट्रोलचं चक्र नुसतं फिरत राहतं. गिट बंद केलं की सगळं सुरळीत चालतं.” असा फोन आम्हाला जवळजवळ दर आठवड्याला येतो. (व्हीएस कोड म्हणजे कोड लिहायचा एडिटर, गिट म्हणजे कोडमधल्या बदलांचा इतिहास ठेवणारं साधन, आणि सोर्स कंट्रोल म्हणजे एडिटरमधला गिटचा भाग.) बाणेरच्या छोट्या ऑफिसातून येतो, सदाशिव पेठेत खोली घेऊन राहणाऱ्या शेवटच्या वर्षाच्या मुलांकडूनही येतो. फोनवर आमचा पहिला प्रश्न ठरलेला आहे: फोल्डरमधलं काही पुसलंत का?

“नाही” म्हणालात तर काम बहुतेकदा तासाभरात उरकतं. “हो, डॉट गिट नावाचं एक फोल्डर होतं, ते उडवलं आणि आता एडिटर छान चालतोय” असं म्हणालात, तर त्याच कामाला दोन दिवस लागतात आणि एवढं करूनही सगळं परत मिळेल असा शब्द आम्ही देऊ शकत नाही. हे पत्रक काढलं ते मुख्यतः एवढ्यासाठी.

पुसल्यावर एडिटर चालतो, म्हणूनच फसायला होतं

एडिटरमधलं गिटचं प्लगइन (एडिटरला जोडलेला भाग, यालाच एक्स्टेन्शन म्हणतात) प्रोजेक्ट उघडताक्षणी ‘डॉट गिट’ फोल्डर शोधतं. ते सापडलं नाही की इथे गिट नाहीच असं धरून गप्प बसतं. त्याला कामच उरत नाही, मग ते हँग कशाला होईल? कपाटाचं दार अडकतं म्हणून दागिन्यांसकट कपाट भंगारात दिल्यासारखं आहे हे. दार आता अडकत नाही हे खरं, पण दागिने गेले.

त्या फोल्डरमध्ये तुमचे सगळे कमिट (संदेशासह नोंदवलेले बदल) असतात, सगळ्या ब्रँच (कामाच्या वेगवेगळ्या शाखा) असतात, स्टॅश (तात्पुरते बाजूला ठेवलेले बदल) असतात. “गिटहबवर आहे की सगळं” असं आम्हाला सांगितलं जातं. गिटहब म्हणजे इंटरनेटवर कोड ठेवायची जागा, आणि तिथे फक्त पुश केलेलं, म्हणजे तुम्ही स्वतः पाठवलेलं असतं. गेल्या पंधरवड्यात केलेले आणि पुश न केलेले कमिट, अर्धवट प्रयोगाची ब्रँच, स्टॅश, हे सगळं तुमच्याच मशीनवर असतं. चुकून ब्रँच उडवली किंवा चुकीचं रीसेट (जुन्या कमिटवर परत जाणं) मारलं, तरी गिट आपल्या रिफ्लॉगमध्ये त्याची नोंद ठेवतं. मूळ सेटिंगनुसार साध्या नोंदी ९० दिवस, आणि कुठल्याच ब्रँचवर न उरलेल्या कमिटच्या नोंदी ३० दिवस टिकतात. या नोंदींवरून आम्ही कित्येकांचं काम परत काढून दिलं आहे. पण रिफ्लॉगसुद्धा त्याच ‘डॉट गिट’मध्ये राहतो.

ही चूक कुठून येते तेही सांगतो. गिट कधीकधी ‘इंडेक्स डॉट लॉक’ नावाची फाइल आहे म्हणून पुढे जायला नकार देतं, आणि ती फाइल काढा असं स्वतःच सुचवतं. ती एक फाइल काढायची असते. मित्राने फोनवर सांगताना “डॉट गिटमधलं लॉक काढ” म्हटलेलं असतं, ऐकणारा अख्खं ‘डॉट गिट’ काढतो.

कोथरूडच्या एका ग्राहकाचं असंच झालं. चार जणांचं ऑफिस, एका मुलीने तीन आठवडे बिलिंगचा भाग लिहिला होता, सगळे कमिट नीट संदेश लिहून केलेले, पण पुश राहिलं होतं. एडिटर हँग होतो म्हणून सहकाऱ्याने तिला मदत म्हणून ते फोल्डर काढून दिलं. फाइली वाचल्या, कारण त्या बाहेर असतात. पण कोणता बदल का केला, आधीचा चालणारा हिशेब कसा होता, हे सगळं पुसलं गेलं. मशीनमध्ये एसएसडी होती. एसएसडीमध्ये पुसलेली जागा ट्रिम नावाच्या सोयीमुळे लवकरच खरोखर मोकळी होते, जुन्या हार्ड डिस्कसारखं नंतर काढता येईल असा भरवसा नसतो. आम्ही दोन रात्री बसलो, हाती फारसं लागलं नाही. त्या मुलीचा चेहरा अजून आठवतो.

तुमच्याकडून हे घडून गेलं असेल तर घाबरू नका, पण त्या मशीनवर पुढचं काम ताबडतोब थांबवा. विंडोजमध्ये माउसने पुसलं असेल तर आधी रिसायकल बिन बघा. फोल्डर तिथे असेल तर ‘रिस्टोअर’ करा आणि एवढ्यावर संपलं. नसेल, आणि गिटहबवर प्रत असेल, तर दुसऱ्या ठिकाणी ताजा क्लोन (गिटहबवरची पूर्ण प्रत) घ्या आणि त्यातलं ‘डॉट गिट’ जुन्या फोल्डरमध्ये आणून ठेवा. पुश केलेला इतिहास परत दिसतो आणि त्यानंतरचं काम एका गठ्ठ्यात ‘बदल’ म्हणून दिसतं. त्या गठ्ठ्यावर घाईघाईने ‘डिस्कार्ड’ (बदल फेकून द्या) दाबू नका.

मुळात हँग होतं कशाने

तुम्ही फाइल सेव्ह केलीत की प्लगइन गिटला विचारतं, काय बदललं? गिट आपल्या यादीतली प्रत्येक फाइल तपासतं आणि यादीत नसलेलं काही आलंय का म्हणून फोल्डरही पालथे घालतं. म्हणजे तुमचा कोड किती मोठा यापेक्षा फाइली किती हे महत्त्वाचं. तुम्ही स्वतः लिहिलेल्या फाइली साठ-सत्तर असतात. पण बाहेरून उतरवलेल्या तयार कोडच्या ‘नोड मॉड्यूल्स’ फोल्डरमध्ये हजारो येतात, पायथनच्या व्हर्च्युअल एन्व्हायर्न्मेंटमध्येही तेच. ‘गिटइग्नोर’ फाइल (गिटने कशाकडे दुर्लक्ष करायचं त्याची यादी) केलेली नसेल तर हे सगळं बदल म्हणून मोजलं जातं. व्हीएस कोड मूळ सेटिंगमध्ये १०,००० बदलांपर्यंत मोजतं, त्यापुढे बदल फार झाले असा इशारा देऊन हात आखडता घेतं. असा इशारा दिसला तर आजार कळला असं समजा.

‘गिटइग्नोर’ नंतर लिहिली तर मात्र एक अडचण राहते. जे आधीच कमिट झालंय त्याला ती फाइल लागू होत नाही. ते गिटच्या यादीतून काढावं लागतं: ‘गिट आरएम’, पुढे एक डॅश आणि आर, मग दोन डॅश आणि कॅश्ड, मग फोल्डरचं नाव. यातला ‘कॅश्ड’ विसरलात तर फोल्डर डिस्कवरूनही जातं. नोड मॉड्यूल्स परत उतरवता येतात, पण हीच आज्ञा फोटोंच्या फोल्डरवर दिली तर फोटो जातात. म्हणून एंटर दाबण्याआधी ओळ एकदा मोठ्याने वाचा असं आम्ही सगळ्यांना सांगतो.

विद्यार्थ्यांकडे वेगळाच प्रकार सापडतो. ‘गिट इनिट’ (फोल्डरमध्ये गिट सुरू करण्याची आज्ञा) प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये करायच्या ऐवजी डेस्कटॉपवर, किंवा थेट स्वतःच्या नावाच्या यूजर फोल्डरमध्ये झालेलं असतं. मग बिचारं गिट डाउनलोड, लग्नाचे व्हिडिओ, सगळं चाळत बसतं. ‘गिट रेव्ह-पार्स’ लिहून पुढे दोन डॅश आणि ‘शो-टॉपलेव्हल’ लिहिलंत की रेपो, म्हणजे गिट नजर ठेवतं ते फोल्डर, नेमका कुठून सुरू होतो ते कळतं. उत्तर डेस्कटॉप आलं तर कारण सापडलं. तिथलं ‘डॉट गिट’ नको आहे हे खरं, पण तेही पुसू नका. त्याचं नाव बदलून ‘डॉट गिट जुनं’ असं काहीतरी ठेवा. कमिट त्यातच झालेले असतात, ते आम्ही योग्य जागी हलवून देतो.

काही वेळा हँग काहीच झालेलं नसतं, ते वाट बघत असतं. कमिटचा संदेश न लिहिता बटण दाबलंत की व्हीएस कोड संदेशासाठी एक नवा टॅब उघडतं आणि तो बंद होईपर्यंत चक्र फिरत ठेवतं. पंधरा टॅबांच्या गर्दीत तो दिसत नाही. या एका कारणासाठी हिंजवडीहून मशीन घेऊन आलेले लोक आहेत. पासवर्डचंही तसंच. एसएसएच किल्लीला (सर्व्हरला तुमची ओळख पटवणाऱ्या फाइलला) पासफ्रेज, म्हणजे तिचा स्वतःचा पासवर्ड असेल आणि तो विचारणारी चौकट मागे लपली असेल तर फेच (सर्व्हरवरचे नवे बदल आणणं) अडकून राहतं. ऑटोफेच चालू केलेलं असेल तर ते मूळ सेटिंगनुसार दर १८० सेकंदांनी फेच करत राहतं, आणि ऑफिसचं व्हीपीएन (ऑफिसच्या नेटवर्कशी बाहेरून जोडणारी सोय) जोडलेलं नसेल तर पुन्हा पुन्हा तिथेच थांबतं. गिटहबने १३ ऑगस्ट २०२१ पासून गिटसाठी खात्याचा पासवर्ड घेणं बंद केलं, त्याजागी टोकन (गिटहबने दिलेली लांब सांकेतिक अक्षरं) किंवा किल्ली लागते. जुन्या मशीनवर पासवर्ड साठवलेला सापडतो तो अजूनही.

आणि गुरुवार. पुण्यात गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज गेली आणि डेस्कटॉपला यूपीएस नसेल, तर नेमका कमिट चालू असताना मशीन बंद पडतं आणि ‘इंडेक्स डॉट लॉक’ मागे उरते. टास्क मॅनेजरमध्ये गिट नावाचं काही चालू नाही याची खात्री करा, एडिटर बंद करा, मग ती एकच फाइल काढा. गिट चालू असताना ती काढू नका.

फोन करण्याआधी दोन मिनिटं

एडिटर बंद करून साध्या टर्मिनलमध्ये प्रोजेक्टच्या फोल्डरात ‘गिट स्टेटस’ चालवा. तिथेही अर्धा मिनिट लागत असेल तर दोष प्लगइनचा नाही, रेपोचा किंवा मशीनचा आहे. टर्मिनलमध्ये झटकन उत्तर आलं आणि एडिटरमध्येच अडकत असेल तर एक्स्टेन्शनकडे बघायचं. आमचं निम्मं निदान या एका चाचणीवर होतं, म्हणून फोनवर आम्ही आग्रहाने ती करून घेतो. चाचणी करायला सांगितली म्हणजे आम्ही काम टाळतोय असा गैरसमज कृपया करून घेऊ नका.

टायपिंग चालतंय पण सेव्ह अडकतंय, सूचना येत नाहीत, असं असेल तर तेही सांगा. व्हीएस कोडमध्ये एक्स्टेन्शन खिडकीपासून वेगळ्या प्रक्रियेत चालतात आणि बहुतेक सगळे तिथे एकत्रच असतात, त्यामुळे एक अडकलं की बाकीचे ताटकळतात. प्रत्येक ओळीपुढे कोणी कधी बदल केला ते दाखवणारं एक्स्टेन्शन मोठ्या इतिहासाच्या रेपोत जड जाऊ शकतं. दोषी कोण ते शोधायला व्हीएस कोडमध्येच ‘एक्स्टेन्शन बायसेक्ट’ नावाची सोय आहे. ती एक्स्टेन्शन अर्धीअर्धी बंद करत शेवटी एकावर बोट ठेवते.

एडिटर काढून पुन्हा टाकल्याने यातलं काहीच सुटत नाही. एक्स्टेन्शन आणि सेटिंग तुमच्या यूजर फोल्डरमध्ये राहतात आणि नव्या एडिटरला आहेत तशीच मिळतात. ‘आउटपुट’ पॅनेलमध्ये वरच्या यादीतून ‘गिट’ निवडलंत तर प्रत्येक आज्ञा आणि तिला लागलेला वेळ दिसतो. शेवटच्या तीस-चाळीस ओळी आम्हाला व्हॉट्सअॅपवर पाठवा. मोबाइलने काढलेला स्क्रीनचा तिरका फोटो वाचता येत नाही, मजकूरच पाठवा.

आम्ही आधी प्रत का काढतो

काही ग्राहकांना वाटतं की पाच मिनिटांच्या कामाला आम्ही उगाच तास लावतो. तो वेळ प्रतीला लागतो. कशालाही हात लावण्याआधी अख्खं फोल्डर, लपलेल्या फाइलींसकट, वेगळ्या डिस्कवर उतरवतो आणि सगळ्या ब्रँचचा एक गिट बंडलही (इतिहासासकट एकच फाइल) करून ठेवतो. तुम्ही घाई केलीत तरी ही पायरी आम्ही सोडत नाही. याच कारणाने रेपोची दुरुस्ती फोनवर सांगून करत नाही, आणि तपासणीचं शुल्क दोष साधा निघाला तरी घेतो. लपलेला टॅब शोधायलाही आधी बाकीची कारणं तपासावी लागतात.

मोठ्या रेपोसाठी गिटमध्येच चांगली सोय आली आहे. २०२२ च्या २.३७ आवृत्तीपासून विंडोज आणि मॅकवर फाइली बदलल्या का यावर नजर ठेवणारा भाग गिटसोबतच येतो. तो चालू केला की प्रत्येक वेळी सगळं चाळावं लागत नाही. वार्षिक देखभाल घेतलेल्या ऑफिसांना तो आम्ही बसवून देतो, ‘गिटइग्नोर’ तपासतो, अँटिव्हायरस बंद न करता फक्त प्रोजेक्टच्या फोल्डरला सूट देतो आणि क्लाउडवर सिंक होणाऱ्या फोल्डरमधून रेपो बाहेर काढतो, कारण सिंक आणि गिट एकाच वेळी त्याच फाइलींना हात घालतात. ज्यांनी हे करून घेतलं त्यांचे हँग झाल्याचे फोन जवळजवळ थांबले आहेत. शेवटच्या वर्षाच्या गटांसाठी हीच मांडणी सवलतीत करून देतो. त्यासाठी सबमिशनच्या आठवड्यात न येता जानेवारीत या, तेव्हा आमच्याकडेही निवांत वेळ असतो.

मशीन आणताना चार्जर आणा, आणि एडिटर जसा अडकला असेल तसाच राहू द्या, साफसफाई करून आणू नका. टोकन किंवा पासवर्ड आम्हाला लिहून देऊ नका. लागेल तेव्हा तुम्ही स्वतः टाइप करायचा, तेवढा वेळ आम्ही बाजूला थांबतो.