निलगिरीतला पारदर्शक सापकांदा: 84 वर्षांच्या गैरहजेरीची पार्श्वभूमी

एरिसिमा ट्रान्सलुसेन्स हे नाव 1933 मध्ये छापून आलं. त्यानंतर 84 वर्षं या वनस्पतीची कुणी नोंद केली नाही आणि मग 2017 मध्ये ती निलगिरीच्या वरच्या पठारावरच्या शोलात पुन्हा सापडली. शोला म्हणजे गवताळ डोंगरांच्या घळीत दडलेली ठेंगणी, दाट, सतत ओली जंगलं. जगात दुसरीकडे कुठेही ही वनस्पती नोंदलेली नाही.

आपल्याकडचा पावसाळी भटका तिला पाहताक्षणी 'सापकांदा' म्हणेल, आणि ते फारसं चुकीचं नाही. सिंहगड-महाबळेश्वरकडे पहिल्या सरींनंतर पानांच्या आधीच फणा (फुलोऱ्याला झाकणारं नागफणीसारखं आवरण) काढून उभा राहणारा सापकांदा याच प्रजातीगणातला. त्याचं शास्त्रीय वर्णन 1839 मध्ये मुंबई परिसराच्या वनस्पतींच्या एका यादीत प्रथम आलं. निलगिरीतल्या भावंडाचा फणा पातळ आहे, उजेड आरपार जाईल इतका. नावातला 'ट्रान्सलुसेन्स' त्यावरूनच.

'सापकांदा' या शब्दाने मात्र घोळ बराच घातला आहे. हा कांदा नाही, कांद्याच्या कुळाशी त्याचा संबंध नाही. तो अळू-सुरणाचा नातेवाईक. खरा विषारी 'कांदा' म्हणजे रानकांदा किंवा कोळकांदा. त्याचं विष हृदयाच्या ठोक्यांवर काम करतं, तो खाणं जिवावर बेतू शकतं. सापकांद्याचं विष वेगळ्या जातीचं: गड्ड्यात आणि पानांत कॅल्शियम ऑक्झलेटच्या सूक्ष्म सुया असतात. कच्चा तुकडा तोंडात गेला की जीभ, घसा पेटतो, सुजतो. अळूचं फदफदं करताना चिंच किंवा आमसूल विसरलेल्या घरात या विषाची सौम्य ओळख प्रत्येकाला झालेली असते. ही आग नुसत्या सुयांची की सुयांबरोबर आत शिरणाऱ्या प्रथिनांचीही, यावर अजून वाद आहे. दोन्ही झाडांना सरसकट 'विषारी कंद' म्हणून मोकळं होणं वाचणाऱ्याच्या दृष्टीने धोक्याचं, कारण एकाने घसा धरतो आणि दुसऱ्याने माणूस दगावू शकतो.

विषारी असूनही सापकांद्याचे भाऊबंद लोकांनी खाल्ले आहेत. 1848 ते 1850 या काळात सिक्कीममध्ये फिरलेल्या एका ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञाने तिथले गड्डे कुटून, आंबवून खाल्ले जातात आणि नीट प्रक्रिया झाली नाही तर पोट बिघडतं, असं लिहून ठेवलं आहे.

निलगिरीतली कथा 1930 च्या दशकातली. मद्रासच्या एका महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवणाऱ्या प्राध्यापकांना या फण्यांचा नाद होता. त्यांनी डोंगरात फिरून नमुने जमवले. नाव दिलं ते वनखात्यातली नोकरी संपवून इंग्लंडला परतलेल्या एका वनस्पतिशास्त्रज्ञाने. मद्रास इलाख्याची वनस्पतीसूची अर्धवट ठेवून तिचे मूळ लेखक 1925 मध्ये वारले होते आणि ती पुरी करायचं काम याच माणसाकडे होतं. ते 1936 मध्ये संपलं. प्राध्यापकांनी निलगिरीतल्या या गटाविषयीची आपली निरीक्षणं 1934 मध्ये मुंबईहून निघणाऱ्या निसर्गविषयक नियतकालिकात छापली. त्यानंतर शांतता.

शांतता कागदावर. डोंगरावर त्याच सुमारास पायकाराचं वीज केंद्र सुरू झालं आणि 1950-60 च्या दशकांत कुंडा प्रकल्पाच्या धरणांखाली दऱ्या गेल्या. निलगिरी (झाड), वॅटल (ऑस्ट्रेलियन बाभूळ) वगैरे परदेशी झाडं 1840 च्या दशकापासूनच आलेली. स्वातंत्र्यानंतर त्यांची लागवड जोरात वाढली, वॅटलची साल कातडी कमावायला आणि लाकूड कारखान्यांना. गवताळ माळ 'पडीक' समजून झाडांखाली घातले गेले. माझ्या मते या कहाणीतली सगळ्यात मोठी चूक तीच. शोलाच्या कडेला, गवत आणि झाडी भेटतात तिथे जगणाऱ्या वनस्पतींची जागाच त्यामुळे आक्रसली.

आता 'पुनर्शोध' या शब्दाविषयी. मराठीत तो सर्रास वापरला जातो, मला तो खटकतो. शोध म्हणजे हरवलेली वस्तू मिळणं. इथे हरवलं काय होतं? झाड गेलं नव्हतं, त्याच्याकडे जाणारे गेले होते. सापकांद्याचा गड्डा वर्षातले बरेच महिने जमिनीखाली असतो; पावसात पान आणि फणा वर येतो, फळं पिकतात, सगळं पुन्हा मातीत. फणा दिसण्याचे दिवस मोजकेच, आणि ते धुकं, जळवा आणि निसरड्या वाटांचे. वर्गातून सुटी मिळेल तेव्हा जाणाऱ्याला ते दिवस सहज हुकतात. याच पठारावर पिढ्यान्पिढ्या म्हशी चारणाऱ्या टोडांनी ते झाड कधीच पाहिलं नसेल, हे मला पटत नाही; त्यांचं पाहणं नोंदीत धरलं जात नाही, एवढंच. शिवाय फुललेला नसताना, नुसत्या पानावरून, यातल्या कितीतरी जाती एकमेकींसारख्या दिसतात. तेव्हा एखाद्याने 1970 साली ती ओलांडली असेल आणि वहीत दुसरंच नाव लिहिलं असेल, हेही अशक्य नाही. 'पुन्हा नोंद' म्हटलं तर गौरव थोडा कमी होतो, पण खरं तेच.

2017 नंतर प्रश्न आहे किती आहेत हा. परदेशातल्या बागप्रेमींमध्ये सापकांद्याच्या गड्ड्यांना मागणी असते, त्यामुळे नेमकी जागा किती सांगायची हा तिढा अशा प्रत्येक नोंदीबरोबर येतो. त्यात या झाडांची लिंगबदलाची सवय. गड्डा लहान असताना झाड नर. अन्न साठून गड्डा वाढला की मादी. वाईट वर्ष गेलं की पुन्हा नर. परागण करणाऱ्या चिलटांना नर फण्याच्या तळाशी बाहेर पडायला फट असते, मादीत नसते. चिलट आतच मरतं. फळ धरायला जवळपास दोन्ही हवेत. एका पावसात नर म्हणून मोजलेलं झाड दोन-तीन पावसांनी मादी निघू शकतं, त्यामुळे एका हंगामाच्या मोजणीवरून वस्तीत फळ धरणारी झाडं किती, हे कळत नाही.