फुलं नाहीत, पोटं आहेत ती

ओहोटीला खडकातल्या एखाद्या डबक्यात सी अ‍ॅनिमोन (फुलासारखा दिसणारा, खडकाला चिकटून बसणारा समुद्री प्राणी) दिसला आणि त्याच्या हलणाऱ्या टेंटॅकल्सना (तोंडाभोवतीच्या लवचिक हातांना) बोट लावून बघितलं तर ते चिकट लागतं. बहुतेकांना वाटतं अंगाला चीक असेल त्याच्या. प्रत्यक्षात त्या क्षणी त्याने आपल्यावर ढिगाने बारीक विषारी दोरे झाडलेले असतात आणि ते आपल्या बोटाच्या जाड कातडीत रुतून बसतात, आतपर्यंत पोचत नाहीत म्हणून आपण "ई, चिकट आहे" म्हणून मोकळे होतो. त्या जागी छोटीशी कोळंबी असती तर तिचा खेळ तिथेच खल्लास.

टेंटॅकलवर अशा हजारो पेशी असतात, एकेका पेशीत एकेक कुपी, आणि कुपीत गुंडाळून ठेवलेला दोरा. याच खानदानातला हायड्रा नावाचा गोड्या पाण्यातला प्राणी आहे, त्याच्यावर हायस्पीड कॅमेरा लावून मोजमाप झालंय. कुपीतलं प्रेशर सुमारे १५० अ‍ॅटमॉस्फिअर (आपल्या गाडीच्या टायरमध्ये दोन-अडीच असतं, त्यावरून काय तो अंदाज घ्या) आणि कुपी फुटून दोऱ्याचं टोक बाहेर यायला लागणारा वेळ ७०० नॅनोसेकंद, म्हणजे सेकंदाच्या दहा लाखाव्या भागापेक्षाही कमी. प्राणीजगतात याहून झटपट हालचाल शोधायला गेलात तर फारसं काही हाती लागणार नाही. आणि हे करणाऱ्याला मेंदू नाही बरं का. हृदय नाही, रक्त नाही, डोळे नाहीत. अंगभर पसरलेलं नसांचं जाळं आहे, थोडे स्नायू आहेत, आणि बाकी अख्खा प्राणी म्हणजे एक पोट. पोटाला वर एक भोक, भोकाभोवती टेंटॅकल्स. खायचं त्याच भोकातून आणि उरलेलं टाकायचंही त्याच भोकातून, दुसरं दार नाहीच.

आता हेच पोट मिलिमीटरभराचं करा, बुडाशी चुन्याचा दगड तयार करायची सोय द्या, त्याच्यासारखीच हजारो पोटं शेजारी चिकटवा, झालं कोरल, म्हणजे प्रवाळ. आपण फोटोत जो दगड बघतो तो त्यांचा सांगाडा, प्राणी फक्त वरच्या पातळ थरात जिवंत असतो. एकाचे दोन, दोनाचे चार असं करत वाढलेली ती वस्ती बऱ्याचदा एकाच अंड्यातून आलेली असते, म्हणजे सगळे एकमेकांच्या कॉप्याच. सगळीच कोरल्स वस्ती करतात असंही नाही. मशरूम कोरल हा बऱ्याचदा एकटा जीव, एकच मोठं पोट, खाली चिकटलेलंही नसतं, वाळूत उलटं पडलं तर हळूहळू फुगून सरळ होतं. २००९ साली तांबड्या समुद्रात एक मशरूम कोरल चक्क जेलीफिशला गिळताना लोकांना दिसलं.

या सगळ्या गोतावळ्यात सात हजारांहून जास्त जाती आहेत आणि त्यांची ढोबळ वाटणी टेंटॅकल्सवरून होते. सहाच्या हिशोबाने रचना असलेल्यांत सी अ‍ॅनिमोन, रीफ (म्हणजे समुद्रातली प्रवाळाची भिंत) बांधणारी दगडी कोरल्स, काळं कोरल आणि झोअँथिड (खडकावर गालिच्यासारखे पसरणारे अ‍ॅनिमोनचे भाऊबंद). नेमके आठ टेंटॅकल्स, तेही पिसासारखे दातेरी, असलेल्यांत सॉफ्ट कोरल, सी फॅन, सी पेन आणि आपलं पोवळं. म्हणजे मंगळ कडक आहे म्हणून ज्योतिषीबुवांनी अनामिकेत घालायला सांगितलेलं पोवळं हे रीफवाल्या कोरलचं लांबचं चुलत भावंड आहे, आणि दगडबिगड काही न बनवणारा लिबलिबीत सी अ‍ॅनिमोन मात्र रीफवाल्याच्या जास्त जवळचा. दिसण्यावर जाऊ नये ते असं.

पोवळ्याची गोष्ट जरा सांगायलाच हवी. खरं लाल पोवळं मुख्यतः भूमध्य समुद्रातलं. रोमन लेखक प्लिनी लिहून गेलाय की रोमन लोकांना मोत्यांचं जेवढं वेड तेवढंच भारतीयांना पोवळ्याचं, म्हणजे हा व्यापार दोन हजार वर्षं जुना तर झालाच. फांदीची जाडी वर्षाला एक मिलिमीटरसुद्धा वाढत नाही, तेव्हा अंगठीतल्या खड्याच्या वयाचा हिशोब ज्याचा त्याने करावा. पण हे इतकं जुनं माहितीतलं असूनही ते नक्की काय आहे हे १८व्या शतकापर्यंत कोणाला धड ठाऊक नव्हतं. १७०६ साली मार्सिली नावाच्या इटालियन सरदाराने ताजी फांदी समुद्राच्या पाण्यात ठेवली तर तिच्यावर पांढरी आठ पाकळ्यांची फुलं उमलली, झालं, वनस्पती आहे हे सिद्ध! मग फ्रान्समधल्या मार्सेयचा एक डॉक्टर, पेसोनेल, त्याने तीच फुलं नीट बघितली. हात लावला की मिटतात, सडली की प्राण्यासारखा वास येतो. त्याने कळवलं की हे प्राणी आहेत. पॅरिसच्या विज्ञान अकादमीतल्या रेओम्यूर या शास्त्रज्ञाला हे इतकं हास्यास्पद वाटलं की त्याने १७२७ साली ते मांडताना बिचाऱ्याची अब्रू जाऊ नये म्हणून पेसोनेलचं नावच घेतलं नाही. पुढे १७४० च्या दशकात हायड्रावरचे प्रयोग झाले तेव्हा कुठे गाडी रुळावर आली.

मला स्वतःला या सगळ्यांत सगळ्यात भारी वाटते ती स्कॉटलंडची आजी. १८२८ साली जॉन डॅलिएल या हौशी निसर्ग अभ्यासकाने नॉर्थ बेरिकच्या किनाऱ्यावरून एक साधासुधा लालसर सी अ‍ॅनिमोन उचलून आणला आणि काचेच्या बरणीत ठेवला. पाणी बदलायचं, काहीतरी बारीकसारीक खायला द्यायचं, बस. डॅलिएल १८५१ साली वारला, अ‍ॅनिमोन जिवंत. मग दुसऱ्याने सांभाळला, मग तिसऱ्याने, तोवर तिचं नाव 'ग्रॅनी' पडलेलं, लोक मुद्दाम एडिंबराला बघायला यायचे, दरम्यान तिने शेकडो पिल्लं तोंडातून बाहेर टाकली (दुसरं दार नाही म्हटलं ना). १८८७ साली मेली. ५९ वर्षं बरणीत, आणि आणली तेव्हाच मोठी होती. म्हातारपणाची ठळक लक्षणं या प्राण्यांत सापडतच नाहीत, पेशी सतत नव्या होत राहतात, कोणी खाल्लं किंवा पाणी बिघडलं की मरतात, नाहीतर चालू. हवाईजवळच्या खोल समुद्रातल्या एका काळ्या कोरलचं वय कार्बन डेटिंगने ४,२६५ वर्षं निघालंय, म्हणजे तिकडे हडप्पाची गटारं वाहत होती तेव्हा ही वस्ती सुरू झाली.

एवढं आयुष्य आणि एकाच जागी बसायचं म्हटल्यावर शेजाऱ्याशी भांडणं आलीच. ग्रॅनीच्या जातीच्या अ‍ॅनिमोनला टेंटॅकल्सच्या खाली, कॉलरच्या जागी निळे मणी असतात. दुसऱ्याचा स्पर्श झाला, आणि तो आपली कॉपी नाही हे कळलं, की हे मणी फुगतात, अ‍ॅनिमोन अंग ताठ करून शेजाऱ्यावर वाकतो आणि मणी त्याच्या अंगावर टेकवतो. मण्याची सालच सोलून शेजाऱ्याला चिकटून राहते आणि तिच्यातल्या कुप्या फुटत राहतात, त्या जागी मांस मरतं. सगळं इतकं हळू चालतं की उभं राहून बघणाऱ्याला वाटावं काहीच चाललेलं नाही. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर एक अ‍ॅनिमोन असा आहे की तो दोन तुकडे होत होत अख्खा खडक भरून टाकतो, आणि दोन वेगळ्या टोळ्या समोरासमोर आल्या की मधे काही सेंटीमीटरची मोकळी पट्टी राहते, तिकडे कोणी पाय टाकत नाही. कोरल्स तर याहून बेकार, काही जाती आतड्यातले धागे बाहेर काढून शेजाऱ्यावर टाकतात आणि त्याला तिथल्या तिथे पचवतात.

या विषाने एक नोबेलही मिळवून दिलंय. १९०१ साली मोनॅकोच्या प्रिन्सच्या बोटीवर शार्ल रिशे आणि पॉल पोर्टिए हे दोघं फ्रेंच शास्त्रज्ञ पोर्तुगीज मॅन ऑफ वॉर या जेलीफिशसारख्या डंख मारणाऱ्या प्राण्याच्या विषावर काम करत होते. परत आल्यावर तो प्राणी मिळेना, म्हणून त्यांनी सहज मिळणारे सी अ‍ॅनिमोन घेतले आणि त्यांचं विष थोडं थोडं टोचून कुत्र्यांना त्याची सवय लागते का ते बघायचं ठरवलं. अपेक्षा अशी की पहिल्या डोसमधून वाचलेला कुत्रा पुढच्या डोसला दणकट होईल. झालं उलटंच. तीनेक आठवड्यांनी अगदी थोडासा डोस दिला आणि धडधाकट कुत्रा काही मिनिटांत धापा टाकत, रक्ताची उलटी करत गेला. संरक्षणाच्या उलट म्हणून त्यांनी याला नाव दिलं अ‍ॅनाफिलॅक्सिस, रिशेला १९१३ चं नोबेल मिळालं. आज मधमाशी चावल्यावर किंवा शेंगदाणा खाऊन कोणाचा घसा सुजतो आणि धावपळ करून इंजेक्शन द्यावं लागतं, तेव्हा डॉक्टर फाइलवर जो शब्द लिहितात तो इथून आलाय.

अ‍ॅनिमोनच्या टेंटॅकल्समध्ये राहणाऱ्या क्लाउनफिश माशाबद्दल सगळ्यांना माहितीच असतं म्हणून लांबवत नाही. एवढंच की अ‍ॅनिमोनच्या हजारभर जातींपैकी जेमतेम दहा जाती या माशांना घर देतात, घरात सगळ्यात मोठी असते ती मादी, आणि ती मेली की तिचा नवराच पुढची मादी होतो.

आता रीफ. उष्ण समुद्राचं निळंशार पाणी दिसायला छान पण त्यात खायला फार काही नसतं, मग एवढी पोटं भरतात कशी? तर पोटाच्या आतल्या थरातल्या पेशींमध्येच सूक्ष्म शैवाल राहायला असतं, ते उन्हावर साखर बनवतं आणि बरीचशी कोरलला देतं, काही जातींत लागणाऱ्या ऊर्जेच्या ९० टक्क्यांपर्यंत. कोरलचा तपकिरी-हिरवा रंगही मुख्यतः त्याचाच. ऊन लागतं म्हणून रीफ बांधणारी कोरल्स मुख्यतः उथळ पाण्यातच वाढतात, आणि याच एका मुद्द्यावर डार्विनने आपली थिअरी उभी केली. खोल समुद्रात मधेच गोल कंकणासारखी बेटं का असतात? तो म्हणाला, आधी ज्वालामुखीचं बेट होतं, कडेने कोरल वाढलं, बेट हळूहळू खचत गेलं आणि कोरल उन्हासाठी वर वर बांधत राहिलं, शेवटी बेट बुडालं आणि कडं उरलं. १८४२ साली पुस्तक आलं, तेव्हा पुरावा नव्हता. ११० वर्षांनी, १९५२ साली, पॅसिफिकमधल्या एनिवेटॉक या अशाच कंकणबेटावर अमेरिकन लोकांनी बोअर मारला तर १,२०० मीटरपेक्षा जास्त खोलीपर्यंत नुसता कोरलचा चुना, आणि त्याखाली ज्वालामुखीचा काळा बेसाल्ट.

लक्षद्वीपची कंकणंही अशाच बुडालेल्या ज्वालामुखी रांगेवर बसलीयत, आणि ती रांग ज्या हॉटस्पॉटने (पृथ्वीच्या पोटातून लाव्हा वर येत राहण्याच्या जागेने) तयार केली त्यानेच आधी, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी, दख्खनचा बेसाल्ट ओतला होता. सह्याद्रीचा कातळ आणि लक्षद्वीपचा पाया एकाच भट्टीतले! हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी नकाशा काढून बसलो होतो.

चुन्याच्या सांगाड्यात रोजची बारीक रेघ पडते आणि वर्षाचा पट्टाही दिसतो. जॉन वेल्स या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९६३ साली सुमारे ३८ कोटी वर्षांपूर्वीच्या कोरल फॉसिल्सवर त्या रेघा मोजल्या तर वर्षाला साधारण ४०० भरल्या. पृथ्वी तेव्हा जोरात फिरत होती, दिवस २२ तासांचा होता, असं खगोलवाल्यांनी गणिताने सांगितलेलं, ते या मुक्या प्राण्यांनी लिहून ठेवलेलं निघालं.

वाईट भाग असा की हे शैवालाबरोबरचं पार्टनरशिपचं गणित फार काठावरचं आहे. उन्हाळ्यातल्या नेहमीच्या कमाल तापमानापेक्षा पाणी एखाद डिग्रीने वर गेलं आणि काही आठवडे तसंच राहिलं की शैवालाचं काम बिघडतं, त्यातून ऑक्सिजनची घातक रूपं तयार होतात आणि कोरल शैवालाला बाहेर काढतं. मग पारदर्शक कातडीतून पांढरा सांगाडा दिसतो, ते ब्लीचिंग. लगेच मरत नाही, पाणी वेळेत थंड झालं तर सावरतं, नाहीतर उपासमार. लक्षद्वीपला १९९८, २०१० आणि २०१६ असे मोठे दणके बसले. एप्रिल २०२४ मध्ये जगभरातलं चौथं ब्लीचिंग जाहीर झालं. अ‍ॅनिमोनही असेच पांढरे पडतात.

महाराष्ट्रात कोरल नाही असं म्हणणारे अजून भेटतात. मालवणला सिंधुदुर्गाच्या आसपास आहे, १९८७ पासून तिथे सागरी अभयारण्य आहे, आणि ब्लीचिंगची नोंद तिथेही झालीय. विजयदुर्गापासून शंभरेक किलोमीटर आत समुद्रात आंग्रिया बँक आहे, कान्होजींच्या नावाची, पाण्याखालचं पठार, वरचा भाग सुमारे २० मीटर खोलीवर, तिथलं पाणी स्वच्छ आणि कोरल तगडं. मुंबईत तर हाजी अली आणि वरळीच्या खडकांवर गढूळ पाण्यात तग धरून राहिलेली छोटी कोरल्स आहेत, कोस्टल रोडच्या कामात २०२० साली त्यांच्यातली काही उचलून दुसरीकडे लावावी लागली. कारण दगडी कोरल, काळं कोरल, सी फॅन हे सगळे वन्यजीव कायद्याच्या पहिल्या शेड्यूलमध्ये आहेत, वाघाच्या पंक्तीत. किनाऱ्यावर पडलेला मेलेला तुकडाही शोकेससाठी घरी आणायचा नाही.

बघायचंच असेल तर अमावस्या-पौर्णिमेच्या आसपासची मोठी सुकती, म्हणजे ओहोटी, गाठा, हिवाळ्यातली असेल तर उत्तम, टाइड चार्ट मोबाइलवर मिळतो. पायात ग्रिपवाले बूट घाला, कालवं पाय कापतात. अ‍ॅनिमोन पाण्याबाहेर असला तर फुलासारखा दिसणारच नाही, टेंटॅकल्स आत ओढून घेतलेला गोळा असतो आणि बऱ्याच जणांच्या अंगाला शिंपल्यांचे तुकडे नि वाळू चिकटलेली असते, उन्हाने सुकू नये म्हणून ते स्वतःच चिकटवून घेतात, त्यामुळे पहिली दहा मिनिटं काहीच दिसत नाही आणि मग एक दिसला की पायाखाली सगळीकडे तेच आहेत हे लक्षात येतं. झोअँथिडच्या हिरव्या गालिच्यावर मात्र उघड्या हाताने खरवडू नका, त्यातल्या काही जातींमध्ये पॅलिटॉक्सिन असतं, आणि ते निसर्गातल्या सगळ्यात जहाल विषांपैकी एक आहे.