पशुवैद्यकीय रुग्णालयाचा अंतर्भाग (ठाणे व नवी मुंबई)

पशुवैद्यकीय रुग्णालयाचा अंतर्भाग : आजारी किंवा जखमी प्राण्याला तपासणीच्या टेबलावरून आत नेल्यापासून तो घरी जाईपर्यंत, आणि मोकाट असल्यास पुन्हा त्याच्या जागी सोडला जाईपर्यंत, ज्या खोल्यांतून व ज्या माणसांच्या हातांखालून जातो त्या सर्व व्यवस्थेस येथे अंतर्भाग म्हटले आहे. पालकांना यातील फार थोडे दिसते. रुग्णाला आपले दुखणे सांगता येत नाही, या एका अडचणीभोवती आतली बहुतेक रचना उभी राहिली आहे. कुठे दुखते हे विचारता येत नसल्याने श्वास, नाडी, तापमान, लघवी, विष्ठा, किती खाल्ले आणि किती उलटले याची ठरलेल्या वेळी नोंद घ्यावी लागते. कुत्र्याचे सर्वसाधारण तापमान १०१ ते १०२.५ अंश फॅरेनहाइट असते. पिंजऱ्याला अडकवलेल्या कागदावर हा आकडा सकाळी १०४ आणि संध्याकाळी ९९ दिसला, तर ताप उतरला असे समाधान न मानता अनुभवी माणूस ताबडतोब डॉक्टरांना बोलावतो.

ठाणे जिल्ह्यात व नवी मुंबईत अशी रुग्णालये निरनिराळ्या स्वरूपांत आढळतात. पशुसंवर्धन खात्याचे श्रेणी-१ व श्रेणी-२ दवाखाने मुख्यतः गाई-म्हशी, शेळ्या व कोंबड्या सांभाळतात. मुरबाड-शहापूरकडे त्यांचे महत्त्व शहरातील माणसाला सहज कळणार नाही इतके आहे. महापालिकांच्या हद्दीत भटक्या कुत्र्यांची निर्बीजीकरण केंद्रे असतात, तर प्राणी क्लेश प्रतिबंधक सोसायट्यांची रचना २००१ च्या केंद्रीय नियमांनुसार जिल्हावार होते. खासगी दवाखाने बहुधा गृहसंस्थांच्या तळमजल्यावरील गाळ्यांत असतात. वाशी, नेरूळ किंवा खारघरमधील अशा गाळ्यात पुढे प्रतीक्षेची बाके, मध्ये तपासणी, मागे शस्त्रक्रियेची खोली आणि पोटमाळ्यावर औषधांची खोकी, अशी दाटीची मांडणी करावी लागते. परळचे बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालय आणि १८८६ मध्ये स्थापन झालेले मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय ही खाडीपलीकडच्या गुंतागुंतीच्या रुग्णांची जुनी ठिकाणे होत.

आतल्या कामाचा मोठा भार डॉक्टरांइतकाच साहाय्यकांवर असतो. शासकीय दवाखान्यात त्यांना व्रणोपचारक आणि परिचर अशी पदे आहेत. खासगी ठिकाणी अनेकदा सगळी कामे एकच माणूस करतो. जनावर धरणे हे त्याचे पहिले कौशल्य. कुत्र्याच्या पुढच्या पायावरील केस कातरून शीर कोपराशी दाबून वर आणणे, त्याच वेळी मान स्वतःच्या खांद्याशी टेकवून धरणे आणि निळी २२ नंबरची किंवा पिल्लासाठी पिवळी २४ नंबरची सुई शिरेत जाईपर्यंत हात न हलू देणे, हे शिकायला महिने जातात. घाबरलेले जनावर चावते. म्हणून पट्टीने तोंड बांधतात, पण धाप लागलेल्या कुत्र्याचे तोंड बांधत नाहीत, कारण तो जिभेवाटेच अंगातील उष्णता बाहेर टाकतो. गाई-म्हशींसाठी आवारात लोखंडी खोडा असतो.

सर्वांत कडक शिस्त विलगीकरणाच्या खोलीत पाळावी लागते, आणि ती का हे पार्वो या कुत्र्यांच्या विषाणूजन्य आजारामुळे कळते. लसीकरण अपुरे राहिलेली पिल्ले रक्तमिश्रित जुलाब व उलट्या घेऊन येतात. हा विषाणू जमिनीवर, कपड्यांवर, चपलांच्या तळव्यांवर महिनोन्‌महिने तग धरतो आणि नेहमीच्या बऱ्याच जंतुनाशकांना दाद देत नाही. सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावणाने तो मरतो. मात्र फरशीवर घाण शिल्लक असेल तर द्रावणाचा जोर तिच्यावरच खर्च होतो. म्हणून आधी साबणाने घासून धुणे, मग द्रावण टाकून दहा मिनिटे तसेच राहू देणे, असा क्रम आहे. या खोलीची बादली, पोछा, अॅप्रन व थर्मामीटर वेगळे असतात आणि तिची फेरी सर्वांत शेवटी केली जाते. उपचार म्हणजे प्रामुख्याने सलाईन, पोटॅशियम, साखर आणि उलटीवरचे औषध. पिल्लाच्या शिरेत जाणारे प्रमाण फार थोडे असल्याने ६० थेंबांना १ मिलिलिटर देणारा मायक्रोड्रिप संच लावतात. रात्री पिल्लू पाय दुमडून झोपले की सलाईन थांबते; ते पाहायला कोणी जागे नसेल तर सकाळपर्यंत पिल्लू पुन्हा कोरडे पडते. रात्रपाळीचा माणूस ठेवणे परवडत नाही, असे म्हणणाऱ्या रुग्णालयाने पार्वोचे पिल्लू दाखल करून घेऊ नये, हे स्पष्टच म्हटले पाहिजे.

प्रयोगशाळा बहुधा एका ओट्यावर मावते. या भागात गोचिडांचा त्रास जवळजवळ वर्षभर असल्याने गोचीड तापाचा संशय रोजचाच. कानाच्या पाळीच्या कडेला टोचून येणारा रक्ताचा थेंब काचपट्टीवर घेऊन दुसऱ्या पट्टीने पातळ पसरवतात, वाळवतात, गीम्सा रंग देतात आणि तेल टाकून १०० च्या भिंगाखाली पाहतात. बबेसिया गिबसोनाय हा परजीवी तांबड्या पेशींत बारीक ठिपक्यांसारखा किंवा कड्यांसारखा दिसतो. एर्लिशिया हा गोचिडांतून येणारा दुसरा जंतू पांढऱ्या पेशींत राहतो आणि क्वचितच नजरेस पडतो, त्याच्याबाबत प्लेटलेट (रक्त गोठवणाऱ्या पेशी) घटल्याचा पुरावा अधिक उपयोगी ठरतो. दोघांची औषधे वेगळी आहेत : एर्लिशियावर डॉक्सिसायक्लिन चालते, बबेसियावर ते एकटे पुरत नाही. काचपट्टीवर काही न दिसल्याने आजार नाही असे सिद्ध होत नाही. अशा वेळी कुत्र्याची लघवी गडद तपकिरी झाली, ही पिंजरा धुणाऱ्याने केलेली नोंद निदानाला वळण देते.

शस्त्रक्रियेच्या खोलीत अवजारे १२१ अंश सेल्सियसच्या दाबयुक्त वाफेतून काढलेली असतात. केटामाइनच्या भुलीत डोळे उघडेच राहतात, म्हणून ते कोरडे पडू नयेत यासाठी मलम घालतात. भूल दिलेले जनावर लवकर गार पडते; त्याला उबदार ठेवणे हे टाके घालण्याइतकेच महत्त्वाचे आहे. श्वासनलिकेतील नळी कुत्रा गिळू लागला की काढतात. पगसारख्या चपट्या नाकाच्या जातींत मात्र ती शक्य तितका वेळ आत ठेवतात, कारण धोका शस्त्रक्रियेपेक्षा जागे होताना अधिक असतो.

मांजरांना कुत्र्यांच्या भुंकण्यापासून दूर ठेवावे लागते. भेदरलेले मांजर खाणे सोडते, आणि काही दिवस उपाशी राहिले तर त्याचे यकृत निकामी होऊ लागते. औषधांच्या कपाटालाही त्याचे नियम आहेत. मांजराला पॅरासिटामॉल जीवघेणे ठरते. गिधाडांच्या मृत्यूंस कारणीभूत ठरलेल्या डायक्लोफेनॅक या वेदनाशामकाच्या पशुवैद्यकीय वापरावर २००६ पासून बंदी आहे व त्याऐवजी मेलॉक्सिकॅम वापरतात.

ऋतूप्रमाणे आतली गर्दी बदलते. पावसाळ्यात जखमांत अळ्या पडलेले कुत्रे येतात आणि तुंबलेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस फैलावतो. हा आजार लघवीतून माणसालाही होत असल्याने हातमोजे न घालता पिंजरा धुणे धोक्याचे. संक्रांतीच्या सुमारास मांजाने पंख कापलेल्या घारी व कबुतरे येतात. ठाणे खाडीचे रोहित (फ्लेमिंगो) अभयारण्य आणि येऊरचे जंगल शेजारीच असल्याने जखमी वन्यजीवही दारात येतात. प्रथमोपचार करून वनविभागाला कळवणे येथे बंधनकारक असते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये असा प्राणी खासगी ताब्यात ठेवता येत नाही.

निर्बीजीकरण केंद्राचे कामकाज २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार चालते. काढलेले अवयव फॉर्मलिनमध्ये ठेवून त्यांची मोजणी केली जाते, म्हणजे झालेल्या शस्त्रक्रियांचा आकडा पडताळता येतो. रेबीजचा संशय असलेला कुत्रा स्वतंत्र पिंजऱ्यात ठेवतात, आणि तिथे काम करणाऱ्यांनी चावा होण्याची वाट न पाहता आधीच प्रतिबंधक लस घेतलेली असावी लागते. टाके सुकेपर्यंत प्रत्येक कुत्र्याच्या पिंजऱ्यावर त्याला कोणत्या गल्लीतून आणले याची चिठ्ठी राहते; रेबीजची लस टोचून व कानाला खूण करून त्याला त्याच गल्लीत सोडावे असा नियम आहे, आणि चिठ्ठी हरवली तर तो पाळता येत नाही.