‘लडाखला कार्ब्युरेटरचीच गाडी न्या’ हा सल्ला का चुकतो

इंजेक्शन (पेट्रोल फवारणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा) बिघडलं की मोटारसायकल टेम्पोत, कार्ब्युरेटर (हवा आणि पेट्रोल मिसळणारा साधा यांत्रिक भाग) मात्र कुठेही दुरुस्त होतो, असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. यातलं एवढंच खरं, की तुंबलेला पायलट जेट, म्हणजे कार्ब्युरेटरमधली पेट्रोलची बारीक छिद्राची नळी, रस्त्याकडेला काढून फुंकता येतो.

पण लडाखमधल्या खर्दुंगला खिंडीच्या उंचीवर, सुमारे 5,350 मीटरवर, हवेचा दाब जवळपास निम्मा असतो. कार्ब्युरेटरला ते कळत नाही. पेट्रोल जास्त पडतं, प्लग काळा होतो, गाडी घुसमटते. मग पेट्रोल कमी करायला लहान मेन जेट (पेट्रोलचं मुख्य छिद्र) टाका, कार्ब्युरेटरमधल्या सुईची क्लिप एक खाच वर घ्या, आणि खाली उतरल्यावर सगळं पूर्ववत करा. हे विसरलात तर मिश्रण पातळ (हवेच्या मानाने पेट्रोल कमी) राहून इंजिन तापतं, आणि ते जास्त घातक. इंजेक्शनमध्ये दाबाचा सेन्सर पेट्रोल आपोआप कमी करतो. ताकद मात्र दोन्हींत घटते, हवाच कमी असते.

इंजेक्शनचा खरा कच्चा दुवा म्हणजे बॅटरी आणि पेट्रोल पंप. बॅटरी पूर्ण मेली तर पंप चालत नाही, धक्का मारूनही उपयोग नाही. निघण्याआधी, रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर 12.4 व्होल्टपेक्षा कमी दिसलं तर चार्ज करून पुन्हा तपासा. जादा फ्यूज घ्या. टाकी पाव भागाखाली जाऊ देऊ नका. टाकीतला पंप पेट्रोलमुळेच थंड राहतो.