कॉइल डोकावली की वाहून गेली?

मेंदूतल्या रक्तवाहिनीचा फुगा कवटी न उघडता बंद करताना मांडीतून किंवा मनगटातून बारीक नळी वर नेतात आणि फुग्यात प्लॅटिनमच्या कॉइल, म्हणजे बारीक तारेची वेटोळी, भरतात. मध्येच डॉक्टर कॅथलॅबबाहेर येऊन "कॉइल थोडी बाहेर आलीय" म्हणाले, की अक्कलकोट-बार्शीहून सोलापूरला पेशंट आणलेल्या घरच्यांच्या पायांतलं बळच जातं. अशा वेळी एकच विचारा: कॉइल डोकावलीय की सुटून पुढे गेलीय?

डोकावणं म्हणजे कॉइलचा एखादा फास फुग्याच्या तोंडातून मुख्य वाहिनीत येणं. आपल्या सोलापुरी टॉवेलचा फास ओढला जाऊन वर यावा, तसं. बाकीची वीण शाबूत असते. वाहून जाणं म्हणजे अख्खी कॉइल सुटून रक्ताबरोबर पुढच्या अरुंद फांदीत अडकणं. तिथला रक्तपुरवठा तुटला तर लकवा होऊ शकतो.

इटालियन डॉक्टर गुल्येल्मी यांनी १९९१ मध्ये मांडलेल्या कॉइलचं मोठेपण इथेच आहे. ती तारेला जोडलेली राहते, नीट बसल्याची खात्री झाली की सौम्य विद्युतप्रवाहाने सोडवतात. तोवर मागे ओढता येते. खरा पेच सुटल्यानंतरचा. फुग्याचं तोंड ४ मिलिमीटर किंवा जास्त रुंद असलं, किंवा कॉइल मापाने लहान पडली, तर दोन्ही धोके वाढतात.

डोकावलेला फास छोटा असेल आणि रक्त नीट वाहत असेल, तर बऱ्याचदा त्याला हात लावत नाहीत. धातूवर गुठळी धरू नये म्हणून औषध देतात. फास लांब असेल तर स्टेंट, म्हणजे जाळीची बारीक नळी, टाकून तो भिंतीशी दाबतात. मग रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या सहसा काही महिने घ्याव्या लागतात. फुगा आधीच फुटलेला असेल तर याच गोळ्यांनी पुन्हा रक्तस्रावाची भीती असते. मला तरी सगळ्यात अवघड निर्णय हाच वाटतो.

वाहून गेलेली कॉइल मात्र आधी परत काढायला बघतात, स्नेअर नावाच्या तारेच्या फासाने किंवा गुठळी काढायच्या जाळीने. फारच दूर, बारीक फांदीत गेली असेल तर ओढताना वाहिनी फाटू शकते, म्हणून कधी तिथेच ठेवतात. क्वचित उघडी शस्त्रक्रिया लागते.

घरी आल्यावर दात काढायचा असला, तरी गोळी बंद करण्याआधी कॉइल बसवणाऱ्या डॉक्टरांनाच विचारा. तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, बोबडी वळली, तर सकाळची वाट बघू नका, १०८ला फोन लावा.