बिब्ब्याच्या फुल्या आणि बहिरेपणाची चाचणी

मराठवाड्यात भानामती म्हटलं की बिब्ब्याच्या फुल्या आठवतात. सुनेच्या हातावर, पोटावर काळे डाग उमटतात आणि सगळं घर हादरतं. बिब्बा काही परका नाही. त्याची गोडांबी बाळंतिणीला देतात, त्याच्या रसानं धोबी कपड्यांवर खुणा करत. पण टरफलातलं तेल कातडीला लागलं की काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी चट्टा उठतो, फोड येतात. मधे एवढा वेळ गेला की फुली आपोआप उठल्यासारखी वाटते. स्वतःच काढलेल्या असतील तर त्या सहसा हात पोहोचतो तिथंच असतात. पाठीचा मधला भाग मोकळा राहतो.

कोणी काढली हे कळतं. का काढली, ते मात्र अवघड. आजाराचं सोंग करणाऱ्या रुग्णांबाबतही हाच पेच असतो.

अमेरिकेत पोर्टलंडच्या माजी सैनिकांच्या रुग्णालयातले मानसशास्त्रज्ञ लोरेन पँक्रॅट्झ यांनी फसवणाऱ्या रुग्णांचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. १९७५ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसह बहिरेपणाची एक चाचणी मांडली. तिचं तत्त्व साधं आहे. दोन खेपांपैकी एकीतच आवाज असतो; तो पहिल्या खेपेला वाजला की दुसऱ्या, एवढंच सांगायचं. ऐकू आलं नसेल तर अंदाजानं. खरोखर बहिऱ्या माणसाची शंभरात पन्नासच्या आसपास उत्तरं बरोबर येतात. तीस किंवा त्याहून कमी उत्तरं निव्वळ नशिबानं बरोबर येण्याची शक्यता लाखात चार. म्हणजे त्यानं ऐकलं आणि उत्तर टाळलं. मला ही चाचणी फार सुंदर वाटते, कारण ती आपली मर्यादाही पाळते: ऐकलं एवढंच ती सांगते, ते कशासाठी लपवलं हे सांगत नाही.

एखाद्याला पेन्शन हवी असते. एखाद्याला फक्त रुग्ण व्हायचं असतं. अशा रुग्णांना ब्रिटिश डॉक्टर रिचर्ड ॲशर यांनी १९५१ मध्ये थापांसाठी प्रसिद्ध असलेल्या बॅरन मुंचाउसेनचं नाव दिलं. आणि भानामतीत भुंकणारी, घुमणारी बाई बहुधा सोंग करतच नसते. मनावरचा ताण असह्य झाला की भान तुटतं. मनोविकारशास्त्रात हा आजार मानला जातो.

ज्या घरात सुनेला ‘मला हे सोसत नाही’ म्हणायची सोय नाही, तिथं फुली तिच्या वतीनं बोलते, असं मला वाटतं. अशा बाईला चावडीवर उघडं पाडणं क्रूरपणा आहे. अंनिसचे, म्हणजे अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे, कार्यकर्ते घरातल्या प्रत्येकाशी एकट्यानं बोलतात, आणि फुल्या काढणाऱ्याचं नाव कळलं तरी चारचौघांत घेत नाहीत.